क्षमा म्हणजे सोडणे

आजचा शास्त्रभाग: मत्तय 18:21-35



पेत्र प्रभूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू? सात वेळा? इथे मूळ ग्रीक भाषेत 'अफिएमी' हे क्रियापद आहे. त्याचा साधा अर्थ सोडणे, जाऊ देणे.

हेच क्रियापद मत्तयाच्या चौथ्या अध्यायात पेत्राबद्दलच आलंय. गालील समुद्राच्या काठी प्रभूने हाक मारली आणि त्याने जाळी सोडली. जाळी म्हणजे त्याचं पोट. ती एका हाकेत सोडणारा पेत्र भावाचा अपराध सोडताना मात्र मोजायला लागतो! आपलंही असंच होतं ना?

प्रभू त्याला दाखला देतो. एका दासावर 10,000 तालांत कर्ज होतं. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दिवसांची मजुरी. राजा आधी हिशोब घेतो, मग ते कर्ज सोडतो. क्रियापद तेच. म्हणजे क्षमा करणे म्हणजे "काही झालंच नाही" असं म्हणणे नव्हे. नुकसान खरंच झालेलं असतं, आणि सोडणारा ते स्वतः सोसतो. पण तोच दास बाहेर जाऊन 100 दीनारांसाठी, म्हणजे 100 दिवसांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरतो. त्याचं सुटलं, पण त्याने धरलं.

माझ्याही मनात एक नाव आहे. माझ्या कामाचं श्रेय त्या माणसाने घेतलं, त्याला 4 वर्षं झाली. तो विसरलाही असेल, माझा हिशोब अजून उघडा आहे. प्रोग्रामने घेतलेली मेमरी सोडलीच नाही, तर मशीन हळूहळू जड होत जातं. मनाचंही तसंच.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण ऋण 'सोड' असंच म्हणतो. मराठीत तो शब्द अगदी नेमका आलाय. आणि लूक 23:34 मध्ये वधस्तंभावरून प्रभू पित्याकडे हेच मागतो.

आज एक नाव घ्या. त्या माणसाकडे तुमचं काय येणं आहे, ते देवाला स्पष्ट सांगा आणि सोडा. उद्या मन पुन्हा धरेल, तेव्हा पुन्हा सोडा. साताच्या सत्तर वेळा ते यासाठीच.

प्रार्थना: हे पित्या, तू माझं केवढं सोडलंस! माझीही मूठ उघड. येशूच्या नावाने, आमेन.