हौस आणि खिसा

जुलैत आमच्याकडे रात्री नऊच्या सुमारास बाहेर पाऊस कोसळत असतो आणि टीव्हीवर टूर द फ्रान्सचा त्या दिवसाचा टप्पा संपत आलेला असतो. चार-पाच तास सायकली पळताना बघायच्या, यात काय ठेवलंय, असं घरचे विचारतात. मी उत्तर देत नाही. कुणाला भजनाचं वेड असतं, कुणाला बैलांचं, मला हे. पण माझ्या या वेडाकडे लोक जरा आदरानेच बघतात, आणि तो आदर मला अलीकडे खटकू लागलाय.

गटारीच्या आधीचा कोणताही रविवार घ्या. सकाळी कडावच्या नाक्यावर बसलं की कर्जतकडून येणारी सगळी दुनिया दिसते. बालदिगंबर गणेशाच्या दर्शनाला आलेली कुटुंबं उतरतात. भीमाशंकरची नाहीतर पेठच्या किल्ल्याची वाट धरलेली मंडळी कशेळ्याकडे सरकतात. घट्ट कपड्यांतले सायकलस्वार चहाला थांबतात; त्यांच्यातल्या काहींच्या सायकलच्या किमतीत नवी मोटारसायकल येईल. मागून काळ्या काचांच्या गाड्या फार्महाऊसच्या रस्त्याला वळतात. आणि मग एकेका बाइकवर तिघे तिघे, भिजलेली, ओरडणारी, धबधब्याला निघालेली पोरं. नाक्यावरचे शेरे ठरलेले. सायकलवाल्यांना 'काय तब्येत राखलीय!', गाडीवाल्यांना नुसती लववलेली मान, पोरांना 'आली टोळधाड'. पोरांनी अजून काहीही केलेलं नसतं.

ज्या खेळामुळे मला रसिक समजलं जातं, तो खेळ मुळात कुणाचा होता? टूर द फ्रान्स १९०३ साली एका वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी सुरू केली, आणि ती पहिली शर्यत जिंकली मॉरिस गारांने. हा माणूस धुराडी साफ करायचा. इटलीचा थोर फाउस्तो कोप्पी पोरवयात खाटकाच्या दुकानातला माल सायकलवरून घरोघर पोचवत असे. पाय मजबूत झाले ते पोट भरताना. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीवरून बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. फ्रान्समध्ये तो मान लाल ठिपक्यांच्या जर्सीला आहे, ती १९७५पासूनची. मला विचाराल तर जर्सीपेक्षा आपला किताब भारी. पण भल्या पहाटे दुधाचे कॅन लटकवून चढावर उभ्याने पायडल मारणाऱ्या माणसाला आपण कधी राजा म्हटलं नाही. त्याची सायकल ही गरज, आमची ती हौस, आणि मान हौसेला.

माझी दुसरी हौस याहून अडचणीची. नॅचरल वाइन. द्राक्षाच्या सालीवर जे यीस्ट असतं त्यावरच ती आंबवायची, बाहेरचं काही घालायचं नाही, गंधकाचा वापर नाममात्र किंवा अजिबात नाही, गाळायचंही नाही. म्हणून ती गढूळ दिसते, प्रत्येक बाटलीत वेगळी लागते आणि उन्हात लवकर बिघडते. या बेभरवशाचेच रसिक पैसे मोजतात. आता ताडी बघा. झाडावरच्या मडक्यात रस ठिबकतो, हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट आपलं काम करतं. पहाटे गोड असलेला रस दुपारपर्यंत चढतो, संध्याकाळी आंबट होतो. तत्त्व तेच. पण एक पिणाऱ्याला जाणकार म्हणायचं आणि दुसऱ्याला ताडीबाज. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचं ठरवलं, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य मोठमोठ्यांच्या तोंडून ऐकलं. ताडीची अशी वकिली करायला कुणी आलं नाही. क्लोरल हायड्रेट मिसळलेली ताडी विष आहे, ती विकणारा तुरुंगातच हवा, यात वाद नाही. मात्र तो गुन्हा भेसळीचा आहे, आवडीचा नाही.

सहलीचंही तेच. इंग्लंडमधल्या विंडरमिअर तळ्यापर्यंत रेल्वे येणार हे कळल्यावर १८४४ साली खुद्द वर्ड्‌स्वर्थने विरोध केला. कारखान्यातल्या मजुरांना झुंडीने इथे आणून काय साधणार, निसर्ग समजायला मुरावं लागतं, असा त्याचा सूर होता. निसर्गाच्या एवढ्या मोठ्या कवीला निसर्गात गर्दी नको होती! १८७१च्या कायद्याने इंग्लंडला बँक हॉलिडे मिळाले, आणि गिरण्यांच्या गावांतले लोक सुट्टीला ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर लोटू लागले. डब्यातलं खात, वाळूत पाय पसरून. प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. मला मात्र त्या किनाऱ्यांची जुनी छायाचित्रं बघायला फार आवडतं. कोट-टोपी घालून पाण्यात उभी असलेली माणसं, चेहऱ्यावर शाळा सुटल्याचा आनंद. इथे आमच्या तालुक्यात साहेबांनी स्वतःसाठी माथेरान वसवलं, १८५०नंतर. गिरणी कामगाराला मात्र आठवड्याची हक्काची सुट्टीही नव्हती. कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवार मिळाला. नाक्यावरून ओरडत जाणारी पोरं तो रविवार वापरतायत. त्यांना तो वापरायचा हक्क आहे, अगदी ओरडत सुद्धा.

म्हणजे सगळं माफ? नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर, धरणांवर जायला बंदीचे आदेश निघतात आणि ते निघायलाच हवेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पण दोष मोजायचा तर झालेल्या उपद्रवाने मोजावा. भाताच्या खाचरात आवणीला उतरलेल्या बाईच्या पायात काच घुसते, तेव्हा बाटली स्वस्तातली होती की फ्रान्सहून आलेली, हे जखमेवरून कळत नाही. तिघे तिघे शेजारी शेजारी सायकली चालवत रस्ता अडवणारे आम्हीही एसटीच्या ड्रायव्हरला तितकाच ताप देतो. धबधब्यावर पोलीस उभा असतो, ते बरंच आहे. कुंपणाआड पोहण्याच्या तलावाभोवती पहाटेपर्यंत डीजे वाजतो तिथेही त्याने एकदा जावं, अशी माझी विनंती आहे. ध्वनिप्रदूषण नियम २०००चे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला त्यात बंदी आहे, आणि फार्महाऊस किती एकरांत आहे यावर त्यात काही सूट दिलेली नाही.