हे कोणामुळे?

बाप्तिस्म्यासाठी आणलेल्या बाळाच्या कपाळावर जांभळट-लाल डाग दिसला की आपल्या बाकांवर कुजबुज सुरू होते. ‘आईने ग्रहण पाळले नसेल,’ असे कोणी हळूच म्हणते. (ग्रहण आपल्या धर्मशिकवणीत कधी आले, हे विचारायचे नाही!) मान वळवून पाहणाऱ्यांत आम्हीही होतो. मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या आईला सारे ऐकू जात असते.

तान्ह्या बाळांच्या अंगावरचे बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. परंतु कपाळ व वरच्या पापणीवरचा असा डाग वयाबरोबर जात नाही आणि काही बाळांत मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांचीही तशीच विकृत वाढ असते. विल्यम स्टर्ज या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ साली फिट येणाऱ्या एका मुलीच्या चेहऱ्यावरील डागावरून हा तर्क मांडला. आज या विकाराला स्टर्ज-वेबर म्हणतात. अंदाजे २० ते ५० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. पहिली फिट बहुधा वर्षाच्या आतच येते, डोळ्यात काचबिंदूही होऊ शकतो. म्हणून अशा बाळाला डोळ्यांच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांना लवकर दाखवावे.

याचे कारण २०१३ साली सापडले. गर्भ राहिल्यानंतर, वाढत्या गर्भातील एखाद्या पेशीच्या एका जनुकात बदल होतो आणि तिच्यापासून झालेल्या पेशींतच तो उतरतो. तो आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही.

हे आम्ही त्या आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे उगाचच झाले?”

आम्ही गप्प झालो. दोष क्रूर असतो, पण त्यात निदान एक उत्तर असते. तिने महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत ते उत्तर धरून ठेवले होते. ते आम्ही काढून घेतले आणि हाती काय दिले? योगायोग! शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कोणाचे, असेच विचारले होते. प्रभूने त्याचे पाप नाकारले, आईबापांचेही नाकारले आणि माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावली. आम्ही मात्र शिष्यांच्याच प्रश्नाला नवे, शास्त्रीय उत्तर देऊन समाधानी झालो होतो.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, “गुरुवारी बाळाला तपासणीला न्यायचे आहे. मोठ्याला शाळेतून कोण आणील?”