परसातली कोंबडी आणि पुरेशा अन्नाचा धर्म

कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरापासून आंबा घाटाकडे जाणारा पट्टा भाताचा आणि मुसळधार पावसाचा आहे. इथे परसात पाच-दहा कोंबड्या पाळणे हे घरच्या रहाटीचाच भाग आहे. उघडिपीत त्या उकिरडा, गोठ्याची कड, शेताचा बांध उकरून किडे, कोवळे गवत आणि सांडलेले दाणे वेचतात. पाऊस लागला की खुराड्यात नाहीतर पडवीत अडकतात, आणि मग घरातून येणाऱ्या कण्या, शिळा भात आणि मका हेच त्यांचे खाणे होते. हिंडणे कमी झालेले असते, हाताने टाकलेले दाणे मात्र वाढलेले असतात. टाकणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल शंका नको. पण पाळलेल्या जिवाला पोटभर खाऊ घातले, की त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य पुरे झाले का? माझे उत्तर नकारार्थी आहे. अन्न देण्याचा धर्म देणाऱ्याच्या हातावरून मोजायचा नसतो, खाणाऱ्याच्या शरीरावरून मोजायचा असतो. दाणे ओंजळभर टाकले की मूठभर, यावरून कोणाची दया ठरत नाही. त्या अन्नाने त्या जिवाचे काय झाले, यावरून ती ठरते.

आधी शरीराची साक्ष पाहू. अंड्यावर असलेली मध्यम वजनाची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि कवच बहुतांशी रात्री, पोटात नवे अन्न येत नसताना घडते. खाद्यातून कॅल्शियम मिळाले नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. मका आणि तांदूळ यांत पिष्ट भरपूर असते, प्रथिने कमी असतात आणि कॅल्शियम जवळजवळ नसतेच. म्हणून नुसत्या कण्या आणि मका यांवर वाढलेली कोंबडी एकाच वेळी लठ्ठ आणि कुपोषित असू शकते: पोटात चरबीचा थर असतो आणि हाडे पोकळ होत जातात. अंड्यावरच्या कोंबडीचे यकृत बलकासाठी चरबी तयार करत असते. बसून राहणे आणि पिष्टाचा मारा एकत्र आले की तीच चरबी यकृतात साठते, यकृत ठिसूळ होते, आणि अंडे घालताना जोर करावा लागला तरी आत रक्तस्राव होऊन धडधाकट दिसणारी कोंबडी अचानक मरते. १९५०च्या दशकापासून पशुवैद्यकाला हा विकार माहीत आहे, आणि तो उपाशी कोंबड्यांचा नाही, भरपूर खाल्लेल्या कोंबड्यांचा आहे. मायेने टाकलेला दाणाही इजा करू शकतो, एवढे यावरून मान्य करावे लागते.

आता परंपरांकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्यात जैन समाज मोठा आहे, आणि त्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार नेमकेपणाने केला आहे. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: जिवाला बांधून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव कापणे, त्याच्यावर झेपणार नाही इतका भार लादणे, आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. कोणी म्हणेल, अंडी आणि मांस वर्ज्य मानणाऱ्या परंपरेचा आधार कोंबडी पाळणाऱ्याने घेणे विसंगत आहे. पण ही कसोटी पाळलेल्या जिवाशी रोज कसे वागावे याची आहे. जो व्रत पूर्ण पाळत नाही, त्याच्यापुरती ती खोटी होत नाही. उलट त्यालाच तिची जास्त गरज आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे सांगून आहारात युक्तता मागितली आहे. तो उपदेश स्वतःला आवर घालू शकणाऱ्या माणसाला आहे. कोंबडीपुढे काय यावे हे जिथे आपण ठरवतो, तिथे ती युक्तता सांभाळण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते. बुखारी आणि मुस्लिम या हदीस-संग्रहांत एका बाईची कथा आहे. तिने मांजर कोंडले, त्याला खायला घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळेही सोडले नाही, म्हणून तिला शिक्षा झाली. त्या कथेतला दुसरा दोष इथे फार महत्त्वाचा आहे. मोकळ्या कोंबडीला किडे, पाला, वाळूचे खडे जमीन पुरवत असते. आपण तिला कोंडले की जमिनीचे ते काम आपल्या अंगावर येते, आणि नुसता भात टाकून ते पुरे होत नाही.

इथे खरी अडचण उभी राहते. लठ्ठ कोंबडीचे दाणे कमी करणे म्हणजे अन्न रोखण्याचा अतिचार नव्हे का? आणि दाणे कमी न करणे म्हणजे तिच्या यकृतावर, पायांवर न झेपणारा भार लादणे नव्हे का? मला वाटते, हा संघर्ष प्रत्यक्षात बराच सुटतो, कारण कमी करायची असते ती भर, भूक भागवणे नव्हे. मका आणि भात कमी करून त्या जागी पालेभाजीचे देठ, शेवग्याचा पाला, पेंडीचा थोडा भाग, किडे वेचायला मोकळी जागा दिली तर कोंबडी अर्धपोटी राहत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराजा ही जड जात घ्या. तिला वाढीच्या वयात हवे तितके दाणे दिले तर तलंगी फार जड होतात आणि पुढे अंडी कमी देतात, म्हणून खाद्य मोजून द्यावे असे सांगितले जाते. तिचे वजन हलक्या गावठी कोंबडीला लागू पडत नाही, आणि गावठीचे तिला. म्हणून एकच आकडा सर्वांना लावणे हासुद्धा एक प्रकारचा निष्काळजीपणा आहे. प्रत्येक कोंबडी हातात घ्यावी लागते. छातीचे हाड सुरीसारखे टोचत असेल तर ती उपाशी आहे; ते मांसाखाली हरवले असेल आणि पोटाखाली घट्ट चरबी लागत असेल तर तिला जास्त झाले आहे.

यावर एक गंभीर आक्षेप असा: भूक ज्याची त्यालाच कळते, पक्ष्याच्या पोटाचा हिशेब माणसाने का करावा? या आक्षेपात बरेच सत्य आहे. समतोल खाद्य पुढे असले तर कोंबडी आपल्या गरजेच्या आसपास खाते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला तर अंड्यावरची कोंबडी तो दुपारनंतर जास्त खाते, कवच घडण्याच्या आधी. तिच्या शरीरात ज्ञान आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण निवडीसाठी निवडण्यासारखे काही समोर असावे लागते. समोर फक्त मका आणि भात असेल तर तिचे ज्ञान निरुपयोगी ठरते. शिवाय ती आता जंगलातली राहिलेली नाही. तिच्या पूर्वज असलेल्या रानकोंबड्या वर्षाला दहा-पंधरा अंडी घालतात, गावठी कोंबडी साठ-ऐंशी, आणि अंड्यांसाठी घडवलेली संकरित कोंबडी तीनशेच्या वर. ही गरज माणसाने निवड करून वाढवली आहे, म्हणून ती भागवण्याचे उत्तरदायित्वही माणसाचेच आहे.

दुसरा आक्षेप म्हणतो की यात धर्म कुठे आला, हा तर अंड्यांचा हिशेब आहे. जिथे स्वार्थ आणि काळजी एकाच दिशेने जातात तिथे हा आक्षेप खोडून काढता येत नाही. म्हणून जिथे त्या दिशा फुटतात तिथेच कसोटी लावावी. मोठ्या शेडमध्ये अंडी कमी झालेल्या कोंबड्यांना काही दिवस उपाशी ठेवून पिसे झाडायला लावण्याची पद्धत होती, कारण त्यानंतर अंडी पुन्हा वाढतात. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ साली ही उपासमार थांबवायला सांगितले. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमानुसार पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हाच आहे. इथे फायदा एकीकडे होता आणि कर्तव्य दुसरीकडे. परसातही असा प्रसंग येतो. कोंबडी म्हातारी होते, अंडी थांबतात, आणि तिचे खाणे बदलावे लागते, कारण अंड्यावरच्या कोंबडीचे कॅल्शियमने भरलेले खाद्य तिच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. तिच्यासाठी वेगळे दाणे ठेवणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. म्हणूनच त्याचे ते वागणे निव्वळ धर्माचे आहे. तिचा शेवट ताटात होणार असेल तरी हे खरे राहते. उद्या काय होणार यावरून आजच्या दुखण्याची किंमत कमी होत नाही.

पण एक प्रकरण असे आहे जिथे कसोटी पूर्ण सुटत नाही, आणि ते लपवणे बरोबर नाही. मांसाच्या कोंबड्यांचे आईबाप इतक्या वेगाने वाढणाऱ्या वाणाचे असतात की त्यांना मनाप्रमाणे खाऊ दिले तर पाय आणि हृदय निकामी होतात, म्हणून वाढीच्या काळात त्यांना भुकेच्या निम्म्याहून कमी खाद्य देतात. तिथे खाऊ घालणे ही इजा आहे आणि न घालणे हीही इजा आहे. असा जीव समोर आल्यावर योग्य उत्तर शोधणे उशिराचे ठरते, कारण दोष ताटाच्या आधीचा आहे: ज्याच्या भुकेचा आणि शरीराचा मेळ बसूच शकत नाही असा जीव घडवण्यातला. परसासाठी पिल्ले निवडणाऱ्याला यातून एक ठोस गोष्ट घेता येते. कुठल्या जातीला आपण नीट खाऊ घालू शकू, हा प्रश्न पिल्ले आणण्यापूर्वीचा आहे.

शेवटचा आक्षेप गरिबीचा, आणि तो सर्वांत आदराने ऐकायला हवा. ज्या बाईच्या घरखर्चाला चार अंड्यांचा आधार आहे तिने विकतचे खाद्य आणि तराजू कुठून आणावा? कर्तव्य ऐपतीच्या पलीकडचे असू शकत नाही, हे मान्यच आहे. पण या कर्तव्याचा मोठा भाग विकत घ्यावा लागत नाही. अंड्याची टरफले भाजून, बारीक चुरून परत देता येतात. पावसात उघडीप मिळाली की तासभर सोडता येते. भात कमी करून कोंडा, पाला, खुराड्याजवळच्या ओल्या पाल्यातली गांडुळे वाढवता येतात. आठवड्यातून एकदा संध्याकाळी प्रत्येक कोंबडी हातात घेऊन छातीचे हाड चाचपता येते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यावर याहून जास्त जबाबदारी आहे, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यावर एवढी तरी आहे. पुरेसे म्हणजे किती, हे कायदा ग्रॅममध्ये सांगत नाही आणि धर्मशास्त्रही सांगत नाही. ते ठरवायला रोजचे लक्ष लागते, आणि आपल्या आधाराने जगणाऱ्या जिवाचे सर्वांत मोठे देणे तेच आहे.