जीर्णोद्धाराचा धर्म

एखादी वस्तू वारंवार दुरुस्त करीत गेल्यास ती कोठपर्यंत तीच राहते आणि कोठून पुढे दुसरी होते, हा प्रश्न दर्शनकारांच्या वादसभेतून उठून मोटारी दुरुस्त करण्याच्या शेडमध्ये जाऊन बसेल, अशी कल्पना आपल्या पूर्वसूरींनी केली असण्याचा संभव नाही. परंतु इंग्लंडात कित्येक वर्षांपासून बेताच्या मिळकतीची माणसेही एखादी उपेक्षित, गंजलेली, धान्याच्या कोठारात उंदरांच्या स्वाधीन झालेली जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतात आणि सुटीचे दिवस खर्ची घालून तिला पूर्वरूप देतात. त्या छंदाच्या मुळाशी जाऊन पाहिले, तर तेथे नेमका हाच प्रश्न उभा असलेला आढळतो.

उदाहरणादाखल एम.जी.बी. ही गाडी घेऊ. ॲबिंग्डन येथील कारखान्यात ती १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती आणि तिचे सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. १७९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे साधे इंजिन, जोडीने बसविलेले एस.यू. कार्ब्युरेटर, दोन आसने आणि डोक्यावर उघडे आकाश, एवढाच तिचा थाट. या गाडीला खालचा वेगळा सांगाडा नाही. जोडलेल्या पत्र्यांची काया हाच तिचा सांगाडा. दरवाजांखालून जाणाऱ्या ज्या पोकळ तुळयांवर या कायेचे बळ अवलंबून असते, त्यांतच पावसाचे पाणी मुरते आणि गंज आतून बाहेर येत असल्यामुळे वरचा रंग शाबूत दिसत असतानाच आतल्या पत्र्याचा भुगा झालेला असतो. हौसेने गाडी घरी आणणारा मनुष्य प्रथम चाके काढतो, मग आसने, मग इंजिन. नट-बोल्ट पिशव्यांत भरून त्यांवर चिठ्ठ्या लावतो. आणि रंग खरवडू लागल्यावर त्याला कळते की, पूर्वीच्या कोणा मालकाने गंजलेल्या भोकांत लांबी भरून त्यावर रंगाचा हात फिरविला होता.

येथून पुढे त्याच्या खऱ्या परीक्षेला आरंभ होतो. सडलेला पत्रा तेवढा कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा, की सबंध कायाच बदलावी? हा दुसरा मार्ग १९८८ पासून प्रत्यक्षात खुला झाला आहे, कारण ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांचा उपयोग करून या गाडीची अखंड नवी काया बनवून विकते. तिच्यात जुने इंजिन बसवावे, तर तेही एव्हाना लेथवर जाऊन आलेले, रिबोअर झालेले आणि नवे पिस्टन व नवी बेअरिंगे ल्यालेले असते. वायरिंग नवे, आसनांचे चामडे नवे, टप नवा. काम संपल्यावर दाराशी उभी असलेली तेजस्वी गाडी आणि विकत घेतलेले ते दैन्य यांच्यात समान काय उरले, असे कोणी विचारल्यास मालक नोंदणीच्या कागदाकडे बोट दाखवितो.

सरकारी खात्यांस तत्त्वज्ञानाची आवड नसली, तरी तत्त्वज्ञानाचे निकाल देण्याचे काम त्यांच्यावर पुष्कळदा येऊन पडते. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याने, मुळापासून फेरफार झालेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवावा की नाही, हे ठरविण्यासाठी गुणांचा एक जाबता तयार केला. मूळचा किंवा त्याच नमुन्याचा बिनफेरफार नवा सांगाडा असल्यास ५ गुण; सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स व स्टिअरिंग मूळचे असल्यास प्रत्येकी २; आणि सामान्य मनुष्य ज्याला गाडीचा प्राण समजतो त्या इंजिनाला अवघा १. किमान ८ गुण जमले की गाडी तीच ठरे. या जाबत्यात अस्सल सांगाडा आणि त्याच नमुन्याचा नवा सांगाडा यांना सारखेच गुण होते, म्हणजे द्रव्यापेक्षा आकृतीला अधिक मान होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. व्यवहाराला अशी रेषा कोठेतरी ओढावीच लागते. परंतु ती सात गुणांवर न ओढता आठांवरच का ओढली, याचे उत्तर त्या जाबत्यापाशी नव्हते आणि असूही शकत नव्हते.

याहून सखोल विचार १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाला करावा लागला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ख्यात असलेली बेंटले स्पीड सिक्स ही गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो तिचा सारथी होता, पहिल्या वर्षी बर्किनच्या आणि दुसऱ्या वर्षी किड्स्टनच्या साथीने. पुढे तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसविण्यात आले, आणि त्याच रूपात असताना १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर तिला अपघात होऊन तिचा चालक क्लाइव्ह डन्फी प्राणास मुकला. त्यानंतर तिची काया पुन्हा बदलली. ल मान्सच्या त्या विजयांनंतर सुमारे साठ वर्षांनी तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला, तेव्हा ही गाडी अस्सल नव्हेच, अशी तक्रार करून खरेदीदाराने पैसे देण्याचे नाकारले. साक्षीपुराव्यांती असे निघाले की, १९२९ साली धावलेल्या गाडीचे भाग तिच्यात जवळजवळ उरलेच नव्हते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. कारखान्यातून निघाली त्या स्थितीत ती राहिली नसल्यामुळे तिला मूळची म्हणता येणार नाही. परंतु तिचे अस्तित्व कधीही खंडित झाले नाही, प्रत्येक फेरफार चालत्या गाडीतच होत गेला, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, म्हणून अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ हीच, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. आपल्याकडील जमिनीच्या तंट्यांत सनदेइतकाच वहिवाटीला मान असतो. न्यायमूर्तींनी गाडीच्या बाबतीतही वहिवाट ग्राह्य धरली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्या देशात हा वाद रथापासून सुरू झाला. यवन राजा मिलिंद रथात बसून आला, तेव्हा स्थविर नागसेनाने त्याला विचारले की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. आणि राजाने प्रत्येकाला नकार दिल्यावर दाखवून दिले की, या अवयवांच्या आश्रयाने चालणारा एक व्यवहार, एवढेच ‘रथ’ या संज्ञेचे स्वरूप आहे. त्याच संवादात पुढे दिव्याचा दृष्टांत येतो: रात्रीच्या पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एक नव्हे, पण भिन्नही नव्हे, एकाच दिव्याच्या आश्रयाने ती रात्रभर जळत राहिली. इंग्रज न्यायमूर्ती ज्या निष्कर्षाला आले, त्याचे बीज या दृष्टांतात आहे.

न्याय आणि वैशेषिक या आपल्या आस्तिक दर्शनांना हे पटणारे नव्हते. अवयवांहून निराळा असा अवयवी खरोखरच असतो, हा त्यांचा आग्रह. परंतु कच्चे मडके आव्यात भाजून लाल झाले की काय घडते, याविषयी त्या दोघांतही एकवाक्यता नव्हती. वैशेषिकांच्या मते अग्नीच्या योगाने मडके परमाणूंपर्यंत विघटित होते, परमाणूंचा रंग पालटतो आणि त्यांतून नवे मडके उत्पन्न होते; नैयायिकांच्या मते मडके जागच्या जागी अखंड असते आणि रंग तेवढा पालटतो. पहिल्या मताला पीलुपाक आणि दुसऱ्याला पिठरपाक म्हणतात. आज जीर्णोद्धाराच्या क्षेत्रात जे दोन पंथ परस्परांविरुद्ध उभे आहेत, त्यांचे वर्णन याहून नेटके करता येणार नाही. एक पंथ गाडीचा शेवटचा स्क्रूसुद्धा सुटा करून, सर्व काही नवे-जुने एकत्र आणून तिला कारखान्यातून निघाल्या दिवसापेक्षाही झळझळीत करतो. दुसरा पंथ चुरगळलेले चामडे आणि विटलेला रंग तसाच राखून, गाडी चालण्यापुरती दुरुस्ती करून थांबतो. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे भरणाऱ्या प्रख्यात प्रदर्शनात अशा अस्पर्शित गाड्यांसाठी आता स्वतंत्र वर्ग आहे. नव्या झळाळीचा उबग आलेल्या मंडळींना पिठरपाकवादाचे महत्त्व उशिरा का होईना पटले, असे दिसते.

धर्मशास्त्राने मात्र या बाबतीत एकाच पंथाचा कैवार घेतलेला नाही. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या प्रकरणात भंगलेली काष्ठमूर्ती अग्नीच्या आणि पाषाणमूर्ती पाण्याच्या स्वाधीन करावी व तिच्या जागी त्याच मापाची आणि त्याच द्रव्याची मूर्ती स्थापावी, असे सांगितले आहे. पुरीच्या जगन्नाथाचे नवकलेवर होते, तेव्हा जुन्या काष्ठमूर्तीतील ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेला सेवक नव्या मूर्तीत ठेवतो आणि जुनी मूर्ती कोइली वैकुंठ या जागी पुरली जाते. २०१५ मध्ये हा विधी झाला. याउलट पंढरपुरास मूर्तीची झीज थोपविण्यासाठी वज्रलेप केला जातो, परंतु मूर्ती पालटावी असे कोणी वारकरी म्हणणार नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या मस्तकांनी आणि हातांनी झिजलेले ते चरण हीच त्याच्या दृष्टीने देवाची ओळख आहे. दोन्ही क्षेत्री श्रद्धा सारखीच सच्ची आहे. फरक एवढाच की, पुरीला देव नव्या देहात आल्याचे उघडपणे सांगितले जाते आणि त्यासाठी विधीही जगजाहीर होतो. पंढरपुरी जे जुने आहे ते जुने म्हणूनच वंदिले जाते. नवे असून जुने असल्याचा बहाणा दोन्ही ठिकाणी नाही.

येथे विरक्तांचा एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ज्या धर्माने देहालाही जीर्ण वस्त्र मानून त्याचा लोभ सोडण्यास सांगितले, त्या धर्माच्या दृष्टीने लोखंडाच्या पत्र्यावर एवढा जीव टाकणे हा निव्वळ मोह नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. हा छंद लोभाचा म्हणता येत नाही, कारण साध्या एम.जी.बी.च्या उद्धारास लागणारा खर्च तिला मिळणाऱ्या किमतीहून बहुधा अधिकच होतो. परंतु पैशाचा लोभ नसला तरी आपल्या तारुण्याचा लोभ, लोकांच्या नजरांचा लोभ आणि काळाला हरविल्याचा अहंकार यांस तेथे भरपूर वाव असतो. हा आरोप चुकविण्यासाठी या क्षेत्रातील मंडळी, आम्ही मालक नसून पुढच्या पिढीसाठी नेमलेले विश्वस्त आहोत, असे म्हणत असतात. हे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ते उच्चारणाऱ्याने त्याबरोबर येणारी जबाबदारीही पत्करावयास हवी. मालकाला आपल्या मिळकतीचे काय केले हे सांगण्याचे बंधन नसते. विश्वस्ताला पै-पैचा हिशेब दाखवावा लागतो. ज्याने गंजावर लांबी भरून वर रंग दिला, तो मालक असेल, विश्वस्त खचित नव्हे.

माझ्या मते या सर्व वादाचा उलगडा येथेच होतो. गाडीचे तेच-पण तिच्या द्रव्यात शोधू गेले तर हाती गंज लागतो, आणि आकृतीत शोधू गेले तर साच्यातून निघालेली प्रत्येक नवी काया तिची प्रतिस्पर्धी होऊन उभी राहते. ते तेच-पण परंपरेच्या अखंडतेत आहे. आणि ज्या परंपरेची हकीकत खरी सांगितली जात नाही, ती अखंड असूनही विश्वासास पात्र राहत नाही. म्हणून भाग बदलणे हा दोष नव्हे. बदल लपविणे हा दोष आहे. वास्तूंच्या संरक्षणासाठी १९६४ मध्ये जी व्हेनिसची सनद तयार झाली, तिने नव्याने घातलेला भाग मूळ भागाशी सुसंगत असावा, पण त्याहून वेगळा ओळखू यावा, असा दंडक घातला. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांसाठी २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिनच्या सनदेनेही केलेल्या कामाच्या लेखी नोंदीवर भर दिला आहे. १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री ब्राउन्स लेन येथील जॅग्वार कारखान्याला लागलेल्या आगीत एक्स.के.एस.एस. या जातीच्या नऊ गाड्या जळाल्या. २०१६ मध्ये त्याच कंपनीने तितक्याच नऊ नव्या गाड्या बांधण्याचे जाहीर केले, आणि त्यांना पूर्वीच्या मालिकेचा पुढील भाग असे उघड नाव दिले. त्या गाड्या कोणाला आवडोत वा न आवडोत. त्यांत फसवणूक नाही, म्हणून अधर्मही नाही.

आपल्या गावोगावच्या काळ्या पाषाणाच्या देवळांवर ऑइल पेंटचे थर चढविणाऱ्या पंचमंडळींनी हा विचार मोटारवाल्यांकडून घेण्यासारखा आहे. आणि ज्याच्या मनात एखादी मोडकी गाडी घरी आणण्याचे असेल, त्यास एवढेच सुचवावेसे वाटते की, पहिला पान्हा उचलण्यापूर्वी एक कोरी वही आणावी. काय सडले होते, काय ठेवले, काय टाकले, नवे काय कोठून आणले आणि कोणाच्या हाताने बसविले, याची रोजकीर्द तीत तारखेवार लिहावी. आणि गाडी विकण्याची पाळी येईल त्या दिवशी किल्लीच्या आधी ती वही घेणाऱ्याच्या हाती द्यावी. गाडी तीच की दुसरी, याचा निवाडा मग त्याने खुशाल करावा.