रिकामं पिस्तूल

स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं, तो १ ऑगस्ट २०२४चा दिवस. त्याच्या कांबळवाडीपासून जवळच्याच एका गावातल्या दोघी बहिणींनी त्या संध्याकाळी धोशा लावला, "आबा, आम्हालाबी नेमबाजी शिकायचीय." थोरलीला तर स्वतःची खात्रीच होती. यात्रेत बंदुकीने फुगे फोडण्यात तिचा हात कोणी धरत नसे. धाकटी भित्री, फटाका वाजला तरी कान झाकणारी.

आबांनी दोघींना कोल्हापुरात एका वर्गात घातलं. तिथले सर फौजेतून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "सपाट तळव्याचे बूट घाला. रात्री पुरती झोप घ्या, सकाळी हलकं खा. वर्गाआधी चहा-कॉफी नको, हात थरथरतो. आणि छर्रे शिशाचे असतात. साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही."

मग त्यांनी पिस्तूल दाखवलं. "हे हवेवर चालतं, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तरी खेळणं समजू नका, डोळा जातो. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरायचं. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. खाली ठेवताना नळीत ही रंगीत दोरी घालायची, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं."

"आणि छर्रे कधी मिळणार?" थोरलीने विचारलं.

"आठ दिवसांनी."

ते आठ दिवस पांढऱ्या भिंतीसमोर रिकामं पिस्तूल धरून उभं राहायचं. श्वास थोडा सोडून रोखायचा, नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर ठेवायची, चाप हळूहळू दाबायचा आणि दाबून झाल्यावरही हात तसाच ठेवायचा. धाकटी घरीसुद्धा पाण्याची लिटरची बाटली हात लांब करून धरायची. थोरली कंटाळली.

सातव्या दिवशी आबा न्यायला आले. त्यांना पाहताच थोरली पिस्तुलासकट गर्रकन वळली. "आबा, बघा!"

"थांब!"

सगळ्यांनी पिस्तुलं खाली ठेवली. सर बाजूने आले, त्यांनी तिचं मनगट धरून नळी लक्ष्याकडे वळवली आणि पिस्तूल उघडून पाहिलं.

"रिकामंच हाय की, सर." थोरली रडवेली झाली.

"हो, रिकामंच आहे. पण हाताला रिकामं-भरलेलं कळत नाही, त्याला सवय कळते. आज रिकामं घेऊन बापाकडे वळलीस. उद्या हाच हात भरलेलं घेऊनही वळेल."

थोरलीने दाराकडे पाहिलं. आबा पिशवी छातीशी धरून उभे होते. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून सरांकडून काम मागून घेतलं: वर्ग सुटताना प्रत्येक पिस्तुलात दोरी आहे का, ते पाहायचं. तीन महिने तिने ते चुकवलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वर्गातच स्पर्धा झाली. अंतर दहा मीटर, दहा गुणांचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटरचं. शेवटचा छर्रा उरला तेव्हा थोरली धाकटीपेक्षा दोन गुणांनी पुढे होती. तिने श्वास रोखला, चाप निम्मा दाबला. इतक्यात पलीकडचा एक लक्ष्यकागद सुटून पडला आणि नवखा मुलगा तो उचलायला समोर बांधलेल्या दोरीखालून पुढे सरकला. अजून कोणाचं लक्ष नव्हतं.

थोरलीचं बोट चापाबाहेर आलं. "थांबा!" ती ओरडली. सगळे हात खाली गेले.

मुलाला मागे घेऊन स्पर्धा पुन्हा सुरू झाली, पण तिची लय मोडली होती. शेवटच्या छर्‍याला सहाच गुण मिळाले. धाकटीने नऊ घेतले आणि ती एका गुणाने जिंकली.

घरी जाताना एसटीत थोरलीने सरावाची वही उघडली. गुणांच्या खाली सरांनी लिहिलं होतं: "न झाडलेला छर्रा: दहापैकी दहा." तिने वही मुकाट्याने आबांच्या हातात दिली. आबांनी ती दोनदा वाचली आणि पिशवीत जपून ठेवली.

तात्पर्य: शस्त्र चालवायला शिकायचं, तर आधी ते आवरायला शिकावं, आणि ती सवय रिकाम्या शस्त्रावरच लागते.