‘चालत नाही’ म्हणजे नक्की काय?

‘हा गेम तुझ्या मशीनवर चालणार नाही.’ हे वाक्य आपण हवामानाच्या अंदाजासारखं ऐकून घेतो. पाऊस पडणार म्हणजे पडणार, त्यात कुणाचा काय दोष? पण गेली दोनेक वर्षं सुट्टीच्या दिवशी माझा एक उद्योग चालू आहे. जुन्यापुराण्या, दम नसलेल्या कम्प्युटरवर कोणते गेम चालतात ते मी तपासत बसतो. त्यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली आहे. ‘चालत नाही’ या एका वाक्याआड तीन वेगवेगळी वाक्यं दडलेली असतात, आणि कुठलं वाक्य बोललं जातंय यावर कुणाची जबाबदारी किती हे ठरतं.

माझं मुख्य मशीन म्हणजे २००८ च्या सुमाराचं एक नेटबुक. इंटेलचा ॲटम एन२७० प्रोसेसर, १.६ गिगाहर्ट्झ वेग, १ जीबी रॅम, जीएमए ९५० नावाचं बोर्डावरचंच ग्राफिक्स आणि १०२४ बाय ६०० चा छोटासा स्क्रीन. मामाने घेतलं, मग मामेबहिणीला एमएस-सीआयटीच्या सरावासाठी मिळालं, मग माझ्याकडे आलं. आपल्याकडे वस्तूंचा प्रवास असाच असतो. दादाचा शर्ट धाकट्याला नवाच असतो. त्यामुळे ‘जुनं’ हा शब्द वस्तूबद्दल कमी आणि ती कुणाच्या हातात आहे याबद्दल जास्त सांगतो.

तपासायची पद्धत साधी आहे. गेम टाकायचा, सगळी सेटिंग्ज तळाला न्यायची, एकच प्रसंग तीनदा खेळायचा आणि सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते वहीत लिहायचं. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील, तर एक चित्र तयार करायला मशीनला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम झालं तर खेळायला मजा येते. नाही झालं, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा तेच. दोन गोष्टी एकदम बदलल्या, की कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही.

यातून सापडलेलं पहिलं वाक्य आहे, ‘खरंच झेपत नाही’. १९९३ सालचा डूम ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅमवर सुरू व्हायचा. तीनच वर्षांनी त्याच कंपनीचा क्वेक आला आणि त्याने पेंटियम मागितला. त्यातलं जग पूर्णपणे त्रिमितीय होतं. त्यासाठी दशांश चिन्हाच्या आकड्यांची प्रचंड गणितं लागत, आणि ४८६ चा वेग त्यात कमी पडे. माझ्या नेटबुकचंही तसंच आहे. शेडर मॉडेल ३.० वर उभा असलेला गेम त्याला दाखवता येत नाही, कारण त्याच्या ग्राफिक्स चिपला २.० पर्यंतचंच कळतं. इथे मला तक्रार नाही. नवीन काही करायचं तर कुठेतरी रेघ ओढावी लागते.

दुसरं वाक्य, ‘कुणाच्या लक्षातच आलं नाही’. एका गेमची सुरुवातीची सेटिंग्जची खिडकी ६०० पिक्सेलपेक्षा उंच होती. ‘ओके’चं बटण स्क्रीनच्या खाली गेलेलं, दिसतच नाही. मी अंदाजाने टॅब दाबत दाबत त्या बटणापर्यंत पोचलो, एंटर मारला, आणि गेम मस्त चालला. मशीनमध्ये ताकद होती. ज्याने ती खिडकी बनवली, त्याच्या टेबलावर एवढासा स्क्रीन नव्हता, इतकंच. हा दुष्टपणा नाही. पण ज्याच्याकडे तेवढं एकच मशीन आहे, त्याला दुष्टपणा आणि दुर्लक्ष यांतला फरक कसा कळावा? त्याच्यापुरता गेम ‘चालला नाही’, आणि त्याने दोष आपल्या मशीनला दिला.

तिसरं वाक्य सगळ्यात विचित्र आहे, ‘चालेल, पण परवानगी नाही’. हाफ-लाइफ हा १९९८ चा गेम. तेव्हा त्याला २४ एमबी रॅम पुरत असे. माझ्या नेटबुकमध्ये त्याच्या चाळीसपट आहे. सीडी जपून ठेवलेल्या माणसाचा हाफ-लाइफ एक्सपीवर आजही चालतो. पण आता तो मिळतो स्टीमवर, आणि स्टीमने एक्सपी आणि व्हिस्टाचा आधार १ जानेवारी २०१९ ला काढला, विंडोज ७ आणि ८ चा १ जानेवारी २०२४ ला. स्टीमने दिलेलं कारण खोटं नव्हतं. त्यांच्या ॲपच्या पोटात क्रोमचा एक तुकडा असतो, आणि तो जुन्या विंडोजवर चालेनासा झाला. क्रोमलाही विचारा. ते म्हणतील, ज्या विंडोजची सुरक्षा खुद्द मायक्रोसॉफ्टने सोडून दिली, तिला आम्ही किती दिवस सांभाळणार? प्रत्येकाचं म्हणणं रास्त. प्रत्येकजण खालच्याकडे बोट दाखवतो. साखळीच्या टोकाला मात्र चालू मशीन आणि चालू शकणारा गेम यांच्यामध्ये एक बंद दार उभं राहतं, आणि ते कुणी बंद केलं याचं उत्तर मिळत नाही.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात एक कल्पना मांडली. समाजाचे नियम ठरवताना असं समजा, की त्या समाजात आपण कोण म्हणून जन्मणार हे आपल्याला माहीत नाही. श्रीमंत की गरीब, धडधाकट की आजारी, काहीच नाही. मग जे नियम तुम्ही निवडाल ते न्याय्य असण्याची शक्यता जास्त. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने हाच खेळ खेळून बघावा. हा प्रोग्रॅम उद्या मला कुठल्या मशीनवर वापरावा लागेल हे मला माहीत नाही. ३२ जीबी रॅमच्या वर्कस्टेशनवर, की मामाकडून भाच्याकडे आलेल्या नेटबुकवर?

ऑफिसमधल्या एका मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “अरे, मागे जायचं तरी किती? दोन माणसांचा स्टुडिओ पंधरा वर्षांपूर्वीच्या मशीनवर टेस्टिंग करत बसला, तर गेम कधी काढणार?” त्याचा मुद्दा खरा आहे. सगळं सगळीकडे चाललंच पाहिजे अशी सक्ती केली, तर क्वेक कधी बनलाच नसता. शिवाय आजचं महागडं मशीन दहा वर्षांनी कुणाच्यातरी वाट्याला स्वस्तात येतंच.

म्हणून माझी अपेक्षा बरीच लहान आहे. झेपत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. दुर्लक्ष झालं असेल तर दाखवून दिल्यावर दुरुस्त करा. आणि जे काल चालत होतं, ते आज काढून घेताना निदान जुनी आवृत्ती उतरवून घ्यायची वाट उघडी ठेवा. डूममध्ये एक सोय होती. मशीन धापा टाकायला लागलं, की वजाचं बटण दाबून खेळाची चौकट लहान करता यायची, एफ५ दाबून चित्राचा बारकावा कमी करता यायचा. चौकट काडेपेटीएवढी झाली तरी राक्षस तेच, दारं तीच, शेवटही तोच. कमी ताकदीच्या मशीनला चित्र लहान मिळे, गेम मात्र पूर्ण मिळे. ३८६ वाल्याकडे बघायची ही नजर मला आवडते.

माझं पोटापाण्याचं काम गेम बनवण्याचं नाही. मी ज्या टीममध्ये आहे ती फॉर्म बनवते. नाव, पत्ता, फोटो अपलोड, सबमिट. ते फॉर्म लोक फोनवर भरतात, आणि त्यांतले बरेच फोन घरात दुसऱ्या-तिसऱ्या हातात आलेले असतात. गेम चालला नाही तर एखाद्याची संध्याकाळ जाते. शिष्यवृत्तीचा फॉर्म शेवटच्या तारखेला उघडला नाही, तर वर्ष जातं. आणि तिथेही मुलगी हेच म्हणते, ‘माझ्या फोनवर चालत नाही’. फोन माझा, म्हणजे कमीपणाही माझाच, असं तिला वाटतं.

म्हणून मीटिंगमध्ये कुणी “जुन्या फोनवर हे चालत नाही” असं म्हणालं, की मी हल्ली एकच प्रश्न विचारतो. झेपत नाही, लक्षात आलं नाही, की आपण परवानगी देत नाही? बहुतेक वेळा उत्तर दुसरं निघतं, आणि ते दुरुस्त करायला दुपारपर्यंतचा वेळ पुरतो.