‘उपेक्षित’ या विशेषणाची नैतिकता

यवतमाळ जिल्ह्यातील एखादे सार्वजनिक ग्रंथालय परधान गायकाला आपल्या सभागृहात निमंत्रित करू पाहते, तेव्हा ‘उपेक्षित लोककलावंत’ ही संज्ञा सहजपणे योजली जाते. ही संज्ञा वरवर सहानुभूतीची असली, तरी ती एक प्रश्न टाळते : ही उपेक्षा नेमकी कोणी केली?

परधान हे गोंडांचे परंपरागत गायक आणि वंशकथांचे जतनकर्ते. पैनगंगेपलीकडील आदिलाबाद परिसरात क्षेत्रकार्य करणाऱ्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) या ग्रंथात या परंपरेचा विचार केला आहे. तेथील परधानांची घरची भाषा मराठी. देवकार्यात व मृत्युसंस्कारात किकरीच्या साथीने होणारे त्यांचे कथन मात्र गोंडी. हे गायन विशिष्ट कुळांशी वंशपरंपरेने बांधलेले असल्याने त्याबद्दल मिळणारे दान हा गायकाचा हक्क ठरतो. यजमान कुळाला हा गायक कधीच अपरिचित नव्हता. अपरिचित होता तो ग्रंथालयाला, आणि त्याच्या घरात मराठी नांदत असूनही त्याची फारशी दखल न घेणाऱ्या मराठी साहित्यव्यवहाराला. ‘उपेक्षित’ हे विशेषण गायकाला लावताच उपेक्षा करणारा दात्याच्या आसनावर बसतो आणि हक्काची जागा सत्कार घेतो.

तथापि, म्हणून जुना संबंध आदर्श मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्या व्यवस्थेत परधानाचे स्थान गोंडांहून खालचे मानले जाई. तेथे हक्क होता, समता नव्हती. ग्रंथालयाचे तत्त्व निराळे आहे. तेथे प्रवेशासाठी कूळ विचारले जात नाही. कुळाबाहेरील श्रोत्यांपुढे स्वेच्छेने गाण्याची शक्यता तेथे निर्माण होते, आणि ही शक्यता मौलिक आहे.

परंतु स्वेच्छा ही केवळ निमंत्रण स्वीकारण्यापुरती मर्यादित राहू शकत नाही. देवाच्या आवाहनाचा भाग विधीबाहेर गावा की नाही, कथन किती वेळ चालावे, ध्वनिमुद्रण होऊ द्यावे की नाही, झाल्यास ते कोणी ऐकावे, हे निर्णय गायकाचे असले पाहिजेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता पावलेल्या ग्रंथालयाला संग्रहाचा हिशेब ठेवण्याची सवय असते. दाखल नोंदवहीत चढलेला ग्रंथ त्याच्या मालकीचा होतो. गाण्याला हा न्याय लावता येत नाही. ध्वनिफीत कपाटात ठेवता येईल, पण गाण्याचा अधिकार गायकाकडेच राहील.

म्हणूनच गायक सभागृहात आला, एवढ्याने ग्रंथालयाचे कर्तव्य संपत नाही. त्याने काही गाण्यास नकार दिला असता तो नकार तेथे मानला गेला असता काय, यावरच त्या निमंत्रणाचे नैतिक मूल्य ठरते.